खाऱ्या वाऱ्यात अडकलेली गॅस ग्रिलची बटणं: काढायची, साफ करायची आणि बदलायची कशी

आमच्याकडे गुहागरला मागच्या अंगणात चार बर्नरचा एक गॅस ग्रिल आहे. धाकट्या दिरांनी पुण्याचा फ्लॅट सोडताना "वहिनी, तुमच्या पाहुण्यांना उपयोगी पडेल" म्हणून टेम्पोत घालून पाठवून दिलेला. घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, संध्याकाळी मसाला लावलेली सुरमई नाहीतर बांगडे समोर भाजून दिले की लोक खूष, त्यामुळे उपयोग झालाच. पण पुण्यात आठ-दहा वर्षं ज्याच्या बटणांना काही झालं नाही त्याच ग्रिलची बटणं इथे दुसऱ्याच पावसाळ्यानंतर अशी बसली की एक फिरेचना, एक नुसतंच गोल गोल फिरायचं पण आच जिथल्या तिथे, आणि डावीकडचं एक खालून वितळून वाकडं झालेलं. शेगडी दुरुस्तीवाल्याला दाखवलं तर म्हणाला, "वैनी, ह्याचा नॉब हितं नाय मिळायचा, आख्खाच बदला." ह्यांचंही मत तेच, भंगारात घाल. मी नाही घातला. त्यानंतर दोनदा चुकीची बटणं मागवून पैसे घालवले, एकदा बटण उचकटताना पॅनेललाच पोचा पाडला, पण ग्रिल आज चौथ्या वर्षीही चालू आहे. त्या चुकांतून जे कळलं ते लिहितेय. स्वैपाकघरातल्या शेगडीलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगते. हाताने फिरवतो ते बटण किंवा नॉब. पॅनेलच्या मागे असतो तो व्हॉल्व्ह, त्याला मेकॅनिक लोक कॉक म्हणतात. आणि कॉकमधून पॅनेलच्या भोकातून बाहेर डोकावते ती बोटाच्या पेराएवढी पितळी दांडी, तिच्यावर बटण नुसतं दाबून बसवलेलं असतं. बटणाचं काम एवढंच की ही दांडी आत दाबायची आणि फिरवायची. गॅस कमीजास्त होतो तो कॉकमध्ये.

बटण बिघडलंय की दुसरंच काही

हे आधी बघायचं, कारण बटण खराब होतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या तरी पापाने. मी पहिल्यांदा थेट नवीन बटणं घेतली आणि महिन्याभरात त्यातलंही डावीकडचं मऊ पडलं, तेव्हा डोकं चालवलं.

बटण फिरतंय पण आच बदलत नाही, म्हणजे बटणाचं आतलं भोक झिजलंय किंवा तडकलंय, दांडी जागची हलतच नाही. हा खरोखर बटणाचा आजार, बटण बदललं की संपलं. बटण अजिबात फिरत नसेल तर दोन शक्यता, एकतर बटण आणि पॅनेल यांच्यामध्ये मीठ, तेल आणि मसाला मिळून सिमेंट झालंय, नाहीतर कॉकमधलं ग्रीस सुकलंय. बटण काढल्यावरच यातलं कुठलं ते कळतं. आणि बटण वितळलं असेल किंवा ग्रिल चालू असताना हात लावायला चटका बसत असेल, तर बटणाचा काहीच दोष नाही, उष्णता जिथे जायला नको तिथे येतेय.

माझ्या बाबतीत त्याची दोन कारणं निघाली. पहिलं ऐकून हसाल. मासे भाजताना मला समुद्र दिसावा म्हणून मी ग्रिल असा ठेवलेला की माझं तोंड पश्चिमेला, म्हणजे ग्रिलची पाठ समुद्राकडे. आता मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर समुद्रावरून जो वारा सुटतो तो थेट ग्रिलच्या पाठीत शिरायचा आणि आतली सगळी गरम हवा पुढे पॅनेलवर, म्हणजे बटणांवर ढकलायचा. ग्रिल आडवा फिरवला, वारा बाजूने जायला लागला, बटणं गार. समुद्र आता मान वळवून बघावा लागतो.

दुसरं कारण होतं कुंभारीण. ही माशी दाराच्या चौकटीत, इलेक्ट्रिकच्या बोर्डात मातीची घरटी करते ते कोकणात सगळ्यांना माहिती आहे. कॉकच्या तोंडाशी जेट असतो, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी टोक, त्याच्यावर बर्नरची नळी बसलेली असते, त्या नळीत हवा शिरायला फटी असतात, आणि ती फट कुंभारणीला फार आवडते. ग्रिल दोन महिने बंद होता, पेटवला तर त्या बर्नरची आच पिवळी आणि पॅनेलच्या मागे भुर्र आवाज. नळी अडली की गॅस पुढे बर्नरला न जाता मागे साठतो आणि तिथेच पेट घेतो. तसं झालं की पहिलं वितळतं बटण. नळी काढून दगडावर आपटली तर सुपारीएवढा मातीचा गोळा बाहेर पडला, फोडला तर आत हिरव्या अळ्या ठासून भरलेल्या. कोळीसुद्धा या नळ्यांमध्ये जाळी करतात, त्याचाही परिणाम तोच. तेव्हा वितळलेलं बटण बदलण्याआधी बर्नरच्या नळ्या काढून बाटली धुवायच्या ब्रशने आरपार साफ करा आणि परत लावताना नळीचं तोंड जेटवर नीट चढलंय ना ते खाली वाकून टॉर्चने बघा. जेटच्या भोकात सुई घालू नका, ते पितळेचं असतं, जरा मोठं झालं की आच कायमची बिघडते.

गॅस बंद करण्याची पद्धत

नुसता रेग्युलेटर बंद केला तर पाइपमध्ये थोडा गॅस राहतो. म्हणून ग्रिलचं झाकण उघडं ठेवून जे बटण चालतंय त्याने एक बर्नर पेटवा, मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, आच आपोआप मरते. मग बटण बंद. रेग्युलेटर काढून सिलिंडरला त्याची टोपी लावून टाका. मग ग्रिल पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी.

हे काम अंगणातच करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचून राहतो. बंद पडवीत किंवा जिन्याखाली बसून कॉकशी खेळ नको. आणि सिलिंडरलाच वास येत असेल तर बटणबिटण सगळं विसरून 1906 ला फोन करा, हा गॅसगळतीसाठीचाच नंबर आहे.

बटण काढणं

आधी मोबाइलवर दोन फोटो, एक समोरून आणि एक बाजूने. मग चिकटपट्टीवर डावीकडून एक, दोन, तीन, चार असं लिहून प्रत्येक बटणाला एकेक तुकडा लावा. दिसायला सगळी सारखी असली तरी बाजूच्या शेगडीचं किंवा मागच्या बर्नरचं बटण आतून वेगळं असू शकतं, आणि झिजलेली बटणं आपापल्या दांडीला सरावलेली असतात.

बटणाच्या कडेला बारीक भोक दिसतंय का बघा. असलं तर आत छोटा स्क्रू असतो, तो एलन कीने, म्हणजे सहा कोनी वाकड्या किल्लीने, सैल केल्याशिवाय बटण निघणार नाही. मी पॅनेलला पोचा पाडला तो इथेच, भोक तेलाने बुजलेलं होतं, मला दिसलंच नाही, आणि मी आपली ओढतेय. स्क्रू नसेल तर बटण बंद जागेवर ठेवून दोन्ही हातांच्या बोटांनी सरळ स्वतःकडे ओढा. वाकडं, हिसका देऊन नाही. पितळी दांडी कॉकमध्ये वाकली तर काम वाढलं.

निघत नसेल तर आमच्याकडे जो उपाय हमखास चालतो तो सांगते, आणि तो फुकट आहे. किनाऱ्यावर बटण चिकटतं त्यात मोठा वाटा मिठाचा, आणि मीठ पाण्यात विरघळतं. जुना सुती पंचा कडकडीत पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि बटणाभोवती गुंडाळून ठेवा, गार झाला की परत. पंधरा-वीस मिनिटं असं केलं की कड मोकळी होते. पाणी ओतायचं नाही, फक्त ओलसर शेक. मग पातळ पण मजबूत नायलॉनची दोरी बटणाच्या मागच्या फटीत गोल घालून दोन्ही टोकं समोर घ्या आणि सरळ ओढा. दोरीने जोर चारही बाजूंनी सारखा पडतो. ते जमलं नाही तर दोन चमचे उलटे धरून, खाली जाडसर कापडाची घडी घालून दोन्हीकडून एकदम उचलायचं. घरात हेअर ड्रायर असेल तर मिनिटभर गरम हवा मारली तरी प्लास्टिक जरा सैलावतं. पकडीने पिळू नका, हातोडी तर दूरच ठेवा.

गंजावर मारायचा स्प्रे सगळ्यांच्या घरी असतो आणि सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो. तो कॉकच्या दिशेने फवारू नका. तो स्वतः ज्वालाग्राही असतो हे एक, आणि दुसरं म्हणजे कॉकच्या आत जे घट्ट ग्रीस असतं ते तो धुवून काढतो. ते ग्रीस नुसतं दांडी हलकी फिरावी म्हणून नसतं, गॅस बाहेर येऊ नये म्हणूनही तेच असतं. खोबरेल तेलाचंही तेच, आमच्या सासूबाईंचा खोबरेलावर इतका विश्वास की बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत सगळीकडे तेच, पण उष्णतेने तेल चिकट होतं आणि पुढच्या वेळी बटण अजूनच घट्ट बसतं.

दांडीची परीक्षा

बटण निघालं की आतली दांडी कोरड्या टूथब्रशने झाडून घ्या. हिरवट पांढरी भुकटी पडेल, पितळेवर खारी हवा लागली की ती येतेच. सिलिंडर बंदच आहे हे परत एकदा बघा आणि मग दांडीवर कापड धरून बोटांनी आत दाबून फिरवून बघा. बहुतेक ग्रिलमध्ये दांडी दाबली की स्प्रिंगसारखी आत जाते, घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, पाव फेरीला मोठी आच आणि तिथून पुढे बारीक.

दांडी आरामात फिरली आणि सोडल्यावर बाहेर उसळली तर कॉक ठीक आहे, बटण साफ करा किंवा बदला. दांडी जड आहे, दाबली तर आतच राहते, किंवा फिरवताना कचकच लागतं, तर कॉक उघडून साफ करून गॅसच्या कॉकचं खास उष्णता सोसणारं ग्रीस भरावं लागेल, नाहीतर कॉक बदलावा लागेल. हे काम मी करत नाही, मेकॅनिककडून करून घेते, तुम्हीही तेच करा. नवीन बटण लावून जोर वाढवणं हा यावर उपाय नाही.

चिपळूणच्या एका ओळखीच्या घरी जुलै 2021 च्या पुरात बुडालेला ग्रिल होता, वाशिष्ठीचा गाळ सगळीकडे. त्यांनी धुवून पुसून लख्ख केला, बटणंही नवी टाकली, पण कॉकच्या आत बारीक माती राहिली की तो पूर्ण बंद होतोय याची खात्री कशी देणार? पुराच्या पाण्यात गेलेल्या ग्रिलचे किंवा शेगडीचे कॉक, रबरी पाइप आणि रेग्युलेटर सरळ बदलायचे, तिथे काटकसर करू नये.

साफसफाई

सुट्टी झालेली बटणं कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून अर्धा तास बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको, वरचा चकचकीत मुलामा दिलेलं प्लास्टिक असेल तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. बटण कशाचं आहे ते हातात घेतल्यावर कळतं. काळं, जड, थोडं खडबडीत ते बेकेलाइट, तेच कुकरच्या मुठीचं. 1907 साली निघालेलं हे प्लास्टिक अजून स्वैपाकघरात टिकून आहे कारण ते उष्णतेने वितळत नाही, फार तापलं तर तडकतं. हलकं, चंदेरी, नखाने टकटक केल्यावर पोकळ वाजतं ते मुलाम्याचं प्लास्टिक. आणि हाताला गार लागणारं जड चंदेरी बटण जस्ताच्या मिश्र धातूचं असतं, खाऱ्या हवेत त्याच्यावर पांढरे फोड येतात. फोड आलेलं बटण घासून परत पहिल्यासारखं होत नाही, वापरता येतं फक्त.

भिजल्यावर जुन्या टूथब्रशने घासा. बाहेरच्या खाचांत हळद-तिखटाचा थर असतो तो सहज निघतो, खरी घाण असते आतल्या भोकात. तिथे ब्रश पोचत नाही. खराट्याची एक हीर मोडून तिच्या टोकाला कापूस गुंडाळा आणि आत फिरवा, नारळाच्या हिरेइतकी ताठ तरी लवचीक काडी दुसरी नाही आणि ती प्लास्टिकला ओरखडाही काढत नाही. काही बटणांच्या भोकात पोलादाची छोटी क्लिप असते, दांडीला पकडून ठेवणारी. ती निसटून मोरीत वाहून जाऊ शकते, म्हणून खाली गाळणी ठेवून धुवा. माझी एक गेलीय.

पांढरा मिठाचा थर साबणाने जात नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडाने लावा, पाच मिनिटांनी स्वच्छ धुवा. जस्ताच्या बटणाला मात्र व्हिनेगर लावून ठेवू नका, आंबट त्याला खातं. आमच्या घरी पितळेची भांडी कोकमाच्या सालांनी घासतात, तेव्हा सासूबाईंनी दांडीसाठी सालं आणून दिलीच. चालतं, हिरवा डाग पटकन जातो, पण साल चोळायची ती फक्त दांडीच्या बाहेरच्या टोकाला, रस आत कॉककडे ओघळू द्यायचा नाही, आणि मग ओल्या फडक्याने दोनदा पुसून कोरडं करायचं, नाहीतर आंबट राहिलं की आठवड्यात परत हिरवं.

तारेची घासणी बटणाला आणि स्टीलच्या पॅनेललाही लावू नका. तिचे कण पॅनेलवर राहतात आणि गंज तिथून सुरू होतो. ब्लीच आणि फरशी पुसायचं अ‍ॅसिड तर नाहीच नाही. स्टेनलेस स्टील गंजत नाही हे शहरात ठीक आहे, आमच्याकडे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यावरही चहासारखे डाग पडतात. त्याला साधा उपाय गोड्या पाण्याचं फडकं, मग कोरडं फडकं, वापर असो नसो आठवड्यातून एकदा.

बटणावरच्या खुणा पुसल्या असतील तर नेलपेंट वापरा. खूण कोरीव असेल तर खाचेत नेलपेंट भरायचं, लगेच वरून कार्डाच्या कडेने निपटायचं, खाचेत राहतं तेवढंच. लाल रंग घ्या, संध्याकाळी अंगणातल्या दिव्याच्या उजेडात लाल चांगलं दिसतं. बटण परत चढवण्याआधी ते दिवसभर वाळू द्या. आणि बटणं पूर्ण कोरडी झाल्याशिवाय परत चढवू नका, विशेषतः आतली क्लिप. पालथी घालून सावलीत ठेवायची, कडक उन्हात प्लास्टिक वेडंवाकडं होतं.

नवीन बटण घेताना

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. बाहेरून सगळी बटणं सारखीच दिसतात, फरक आत असतो. पाच गोष्टी मोजा आणि कागदावर लिहा.

दांडीची जाडी. बहुतेक ठिकाणी 6 किंवा 8 मिलिमीटर निघते. माझी पहिली फसगत इथली, अंदाजाने 8 ची मागवली आणि आमची 6 ची, बटण लाडवावर बसवलेल्या टोपीसारखं डुलत होतं. जाडी मोजायचा व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर हार्डवेअरवाल्याकडे असतो.

दांडीचा सपाट भाग. दांडी पूर्ण गोल नसते, एका बाजूने तासलेली असते, टोकाकडून बघितली तर इंग्रजी डी अक्षरासारखी दिसते. तासलेल्या बाजूपासून गोल बाजूपर्यंत किती भरते तेही मोजा.

सपाट बाजूचं तोंड कुठे आहे. आमची दुसरी फसगत. गॅस बंद असताना सपाट बाजू वर आहे, खाली आहे, डावीकडे आहे की उजवीकडे, हे नवीन बटणाच्या भोकाशी जुळलंच पाहिजे. दुसऱ्यांदा आलेली बटणं मापाला अगदी चपखल, पण गॅस बंद केला की बटणावरची खूण मोठ्या आचेवर, आणि बटणावर बंद दिसायचं तेव्हा आत गॅस चालू. आमच्याकडे पाहुण्यांची मुलं असतात, असलं बटण ग्रिलवर ठेवायची हिंमत झाली नाही. विकणाऱ्याने परत घेतली नाहीत, बरणीत पडून आहेत.

दांडी पॅनेलच्या बाहेर किती येते. बटणाचं भोक त्याहून उथळ असेल तर बटण पॅनेलपासून लांब लटकतं, फारच खोल असेल तर बटणाची कड आधी पॅनेलला टेकते.

शेवटचं, बटणाचा घेर आणि मागची चकती. पॅनेलवर गोल रिंग असेल तर बटण तिच्या आत मोकळं फिरलं पाहिजे.

दुकानात ग्रिल नेता येत नाही म्हणून मी एक युक्ती करते. कपडे धुवायच्या साबणाच्या वडीचा तुकडा कोमट पाण्यात जरा मऊ करून दांडीवर सरळ दाबायचा आणि सरळ काढायचा. आत दांडीचा डीसकट ठसा उमटतो. साबणावर नखाने वरची बाजू कुठली त्याचा बाण काढून ठेवा. मी हा साबण डब्यात घालून एसटीने चिपळूणला नेला, गॅस शेगडीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर ठेवला, दुकानदार आधी साबणाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला, पण पाच मिनिटांत त्याने खालच्या खोक्यातून बरोबर बटण काढून दिलं. दांडीवर राहिलेला साबण पुसायला विसरू नका.

बाजारात सगळ्याला चालणारी बटणंही मिळतात, त्यांच्यासोबत वेगवेगळ्या भोकांच्या छोट्या रिंगा येतात. आपल्या दांडीची रिंग निवडून ती बटणात हव्या त्या दिशेला बसवायची. मापाचं मिळत नसेल तर ही चांगली, फक्त रिंग खटकन बसली पाहिजे, हाताला हलता कामा नये. प्लास्टिक की धातू असं विचाराल तर किनाऱ्यावर मी बेकेलाइट घेईन. दिसायला साधं, पण मुलामा सुटायची भानगड नाही, फोड नाहीत आणि हाताला चटका कमी. लाकडी बटणाची कल्पनाही एका नातेवाइकांनी दिलेली, सावंतवाडीला खेळण्यांसारखं कातून आणू म्हणून. छान दिसलं असतं. पण आगीपासून वीतभर अंतरावर रंगवलेलं लाकूड, नको वाटलं.

जुनं भोक थोडंसंच सैल असेल तर नवीन येईपर्यंत कोल्ड्रिंकच्या कॅनचा पातळ पत्रा कापून सपाट बाजूला पट्टी म्हणून घालता येतो. कडा दुमडून घ्या, बोट कापतं. इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, तो वितळून दांडीवर गोंद होतो.

बसवणं आणि तपासणं

दांडी बंद स्थितीत आहे ना बघा, बटणाची बंदची खूण वर ठेवा, सपाट बाजू जुळवा आणि तळहाताने सरळ दाबा. बसल्यावर बटण आणि पॅनेलमध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा राहिली पाहिजे, कारण पेटवताना तेवढं ते आत दाबलं जायला हवं. दाबून सोडा, बाहेर उसळलं पाहिजे. पॅनेलला घासत असेल तर ते दाबलेलंच राहील आणि बंदला अडकणार नाही, लहान मुलाचा धक्का लागला तरी फिरेल.

हे सगळं गॅस बंद असताना. मग रेग्युलेटर लावायच्या आधी रबरी पाइपवर नजर टाका, वाकवून बघा भेगा आहेत का, आणि पाच वर्षं झाली असतील तर चांगला दिसत असला तरी बदला. रेग्युलेटर साध्या शेगडीचाच हवा, मोठ्या भट्टीचा जास्त प्रेशरचा लावला तर कितीही नवीन बटण असलं तरी आच ताब्यात राहत नाही.

आता वाटीभर पाण्यात चमचाभर लिक्विड ढवळून फेस करा. सगळी बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि ब्रशने फेस रेग्युलेटरच्या सांध्याला आणि पाइपच्या दोन्ही टोकांना लावा. ज्या कॉकची शंका असेल त्याचं बटण काढून दांडीच्या मुळाशीही लावा. फुगे वाढताना दिसले तर गळतंय, लगेच सिलिंडर बंद करून मेकॅनिकला बोलवा. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, तुम्ही त्यात जाऊ नका.

फेस पुसून कोरडा झाला की झाकण उघडून, एकेक बर्नर पेटवा. झाकण लावून कधीच पेटवायचं नाही. मोठी आच, बारीक आच, बंद, असं प्रत्येक बटण दोन-तीनदा. बंदवर आच पूर्ण विझली पाहिजे, निळा ठिपकासुद्धा राहता कामा नये. मग पंधरा मिनिटं चालू ठेवून बटणांना हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर परत वर जाऊन वारा आणि कुंभारीण वाचा.

पावसाळ्याची तयारी

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, पाहुणेही तुरळक, ग्रिल तसाही उभाच असतो. मी मेच्या शेवटी बटणं काढून धुवून, कोरडी करून नंबरासकट बिस्किटाच्या डब्यात तांदळाची पुरचुंडी घालून ठेवते. दांडीच्या बाहेरच्या टोकाला उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात, बोटाला लागेल न लागेल इतका. व्हॅसलीन लावू नका, ग्रिल पेटला की ते वितळून खाली ओघळतं. बर्नरच्या नळ्यांच्या फटींना बारीक जाळी बांधते, कुंभारणीसाठी. कव्हर घालते पण खालून वारा लागेल असं उचललेलं, गच्च बांधलं की आतच घाम सुटतो आणि बुरशी धरते. सिलिंडर वेगळा काढून, टोपी लावून, हवेशीर जागी उभा.

नारळी पौर्णिमेच्या आसपास परत सगळं बाहेर काढते, जाळ्या सोडते, नळ्यांमध्ये ब्रश फिरवते, फेसाची तपासणी करते आणि बटणं चढवते. तीन काळी आहेत, चौथं त्या चिपळूणच्या खोक्यातलं, तपकिरी. पाहुणे विचारतात हे वेगळं का, तर मी सांगते की तो बारीक आचेचा बर्नर, सुरमई त्याच्यावर ठेवा.